सरासरीचं गणित आणि लातूरचं शिवार

१९७६ साली पुण्यातल्या एका अर्थशास्त्रज्ञानं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये भारतातल्या पीकविम्यावर एक लेख लिहिला. त्या वेळी लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. शिवारात ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई असायची. सोयाबीनचा जमाना अजून यायचा होता. आज जिल्ह्याचं खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर इथल्या शेतकऱ्याला विम्याची भरपाई मिळणार की नाही, आणि मिळाली तर किती, हे ज्या हिशेबानं ठरतं त्याची मांडणी त्या लेखात आहे. लेखकाचं नाव विनायक महादेव दांडेकर.

मराठवाड्याला हे नाव ऐकून माहीत आहे ते वेगळ्याच कारणानं. अनुशेषाचा विषय निघाला की दांडेकर समितीचं नाव निघतंच; गेली चाळीस वर्षं सभांमध्ये, निवेदनांमध्ये, अग्रलेखांमध्ये ते येतं आहे. पण अनुशेषवाले दांडेकर आणि पीकविम्याचे दांडेकर एकच, आणि देशात गरीब किती हे पहिल्यांदा पद्धतशीर मोजून दाखवणारेही तेच, हे एका दमात सांगणारा माणूस क्वचित भेटतो. एका प्राध्यापकाचा हिशेब आपल्या अंगणात इतक्या वाटांनी येऊन पोचावा आणि आपल्याला त्याची ओळखही नसावी, हे बरं नाही. म्हणून हे प्रकरण.

दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० चा, साताऱ्याचा. शिक्षणानं ते संख्याशास्त्रज्ञ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत ते आले तेव्हा तिथे धनंजयराव गाडगीळांचं राज्य होतं. १९३० साली संस्था सुरू झाल्यापासून गाडगीळांनी एक शिस्त घालून दिली होती: आधी गावात जा, घरोघर विचारा, लिहून घ्या, आणि मग बोला. त्या शिस्तीत दांडेकरांच्या गणिती डोक्याला काम मिळालं. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. कलकत्त्याच्या महालनोबिसांच्या संस्थेबरोबर पुण्याच्या संस्थेचाही त्यात हात होता, आणि पुण्यानं वापरलेल्या प्रश्नावल्यांवरचा अहवाल दांडेकरांनी १९५३ मध्ये लिहिला. देशातली घरं काय खातात, किती खर्च करतात, हे विचारायचं कसं, इथपासून त्यांनी काम केलं होतं. पुढे ज्या आकड्यांवर त्यांनी आयुष्यभर भिस्त ठेवली ते आकडे कसे जन्मतात, हे त्यांनी असं जवळून पाहिलं होतं.

१९५७ साल त्यांच्यासाठी भरीव ठरलं. त्या वर्षी खुदनपूर यांच्यासह त्यांनी मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याचा पाहणी अहवाल छापला. कायद्यानं कुळांना संरक्षण दिलं होतं, पण गावात गेल्यावर दिसलं की कुळं ‘स्वखुशीनं’ जमिनी सोडून देत होती. ही स्वखुशी कशी घडवली जाते हे गावाला ठाऊक होतं. आता ते छापील अहवालात आलं. मराठवाडा तेव्हा नुकताच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबई राज्यात आला होता. इथे हैदराबादचा १९५० चा वेगळा कूळकायदा लागू होता. त्याची पाहणी उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अली मोहम्मद खुसरो यांनी केली. तो अहवाल १९५८ चा. निजामी अमलातून सुटलेल्या मुलखात जहागिऱ्या गेल्यावर काय झालं हे ज्याला जाणून घ्यायचं आहे त्यानं हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. त्याच १९५७ मध्ये दांडेकर आणि जगताप यांचं ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ हे मराठी पुस्तकही आलं. इंग्रजीत नाव झालेला अभ्यासक आपल्या भाषेत गावगाड्यावर लिहायला बसतो, याची मला मोठी किंमत वाटते.

१९६६ मध्ये गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पुढे नियोजन आयोगावर गेले. संस्थेची सूत्रं दांडेकरांकडे आली आणि १९८० पर्यंत तेच संचालक होते. मधल्या काळात, १९७० साली, त्यांनी लोणावळ्याची भारतीय अर्थविज्ञानवर्धिनी उभी केली. ‘अर्थबोधपत्रिका’ हे मराठी मासिक याच संस्थेचं.

आता ज्या कामानं त्यांचं नाव देशभर झालं त्याकडे येऊ. जानेवारी १९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता: देशात गरीब किती? त्याआधी सरकारी पातळीवर किमान खर्चाचा एक आकडा ठरवलेला होता, पण तो कसा काढला याचा धागा सापडत नसे. दांडेकर-रथ यांनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० उष्मांक लागतात असं धरलं. मग नमुना पाहणीत पाहिलं की प्रत्यक्षात किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना एवढं अन्न मिळतं. उत्तर आलं: १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. या रेषेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक होते. त्या १५ रुपयांत खेड्यातला गरीब काय खात होता ते वेगळं सांगायला नको. मराठवाड्यात ते म्हणजे भाकरी, आणि तिच्याबरोबर मिळालं तर काही.

या रेषेवर पुढे जो वाद झाला तो दुसऱ्या एका सातारकरानं घातला. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११, गाव बुध. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळून ते पुण्यात परतले होते. त्यांचं म्हणणं होतं की एकाच निरोगी माणसाची गरज आज वेगळी असते, आठवड्यानं वेगळी असते. शरीर जुळवून घेतं. सरासरी गरजेवर रेषा ओढली की सरासरीहून थोडं कमी खाणारे धडधाकट लोकही उपाशी ठरतात. रेषा खाली आणा. दांडेकरांना हे पटलं नाही. रेषा खाली आणली की कागदावरचे लाखो गरीब एका फटक्यात नाहीसे होतात, आणि त्यांच्या ताटात मात्र काही पडलेलं नसतं. १९८१-८२ मध्ये दोघांनी लेखावर लेख लिहिले. मतभेद मिटले नाहीत. पण सरासरी कुणाच्या वतीनं बोलते आणि कुणाला झाकते, हा प्रश्न त्या वादामुळे कायमचा ऐरणीवर आला. दांडेकरांच्या सगळ्या कामाचं मर्म मला तिथेच दिसतं.

गरीब मोजून ते थांबले नव्हते. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, शेतावर आधीच गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत, असं ते १९६२ पासून मांडत होते. मग उपाय काय? मागेल त्याला काम, सार्वजनिक कामांवर, सरकारच्या पैशानं. १९७१ च्या अभ्यासात हीच शिफारस होती. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातली आजची सत्तरीची पिढी त्या साली खडी फोडायला गेलेली आहे, सुकडी खाऊन दिवस काढलेली आहे. पाझर तलाव, नाला बांध, कच्चे रस्ते त्या दिवसांत झाले. रोजगार हमी योजनेचं श्रेय वि. स. पागे यांचं, ते कुणी हिरावून घेऊ नये. पण मागेल त्याला काम देणं देशाला परवडतं आणि ते दिलंच पाहिजे, हे आकड्यांनिशी सांगणारा अर्थशास्त्रज्ञ त्याच वेळी पुण्यात बसलेला होता. हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

पीकविम्याची कथा मात्र नीट उलगडून सांगायला हवी, कारण लातूरच्या शेतकऱ्याचा दांडेकरांशी दरवर्षी संबंध येतो तो इथे.

भारतात पीकविम्याचा पहिला प्रयोग १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर झाला, मग महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजायचं होतं. १९७८-७९ पर्यंत चाललेल्या या योजनेत जेमतेम ३,११० शेतकरी आले. हप्ते जमले ४ लाख ५४ हजार रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७ लाख ८८ हजार. आठपटीहून जास्त! दांडेकरांनी दुखणं नेमकं ओळखलं. प्रत्येक बांधावर विम्याचा माणूस पाठवायचा तर त्याचा खर्चच हप्त्याहून मोठा. एका शेतकऱ्याचं ‘नेहमीचं’ उत्पन्न किती, याची नोंद कुणाकडेच नाही. पीक पावसानं गेलं की हयगयीनं, हे ठरवणार कोण? शिवाय ज्याला नुकसानीची खात्री तोच विमा काढणार. बागायतवाला या भानगडीत पडणार नाही.

त्यांनी सुचवलं की शेतकरी मोजूच नका, परिसर मोजा. ज्या भागात माती, पाऊस, पीक सारखं आहे तो एक घटक धरा. त्या भागाचं मागच्या काही वर्षांचं सरासरी उत्पन्न काढा आणि त्यावरून एक पातळी ठरवा. यंदा त्या भागाचं सरासरी उत्पन्न त्या पातळीखाली गेलं, तर तिथल्या प्रत्येक विमाधारकाला त्याच प्रमाणात पैसे द्या. कुणाच्या शेतात काय पिकलं ते बघायचंच नाही. आळशाला आळसाचं बक्षीस मिळत नाही, कारण त्याचं शेत बुडालं तरी भागाची सरासरी तेवढ्यानं हलत नाही. कष्टाळूला शिक्षा होत नाही, कारण त्याचं जास्तीचं पीक त्याच्याकडेच राहतं. आणि मोजणीचा खर्च आवाक्यात येतो. या विचारावर १९७९ मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली, १९८५ मध्ये पीककर्जाशी जोडलेली सर्वंकष योजना आली, १९९९ च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना. नावं बदलत गेली, गाभा तोच राहिला. १९८५ च्या योजनेत चौदा वर्षांत हप्त्यांच्या पाचपटीहून जास्त भरपाई गेली; म्हणजे तोटा परिसर-पद्धतीलाही चुकला नाही. पण ३,११० वरून देश कोट्यवधी विमाधारकांपर्यंत गेला तो याच वाटेनं.

शेतकऱ्याच्या तोंडी असलेली मंडळाची सरासरी आणि उंबरठा उत्पन्न ती हीच. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे महसूल मंडळ हा घटक असतो. मागच्या सात वर्षांतली सर्वांत चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तरानं, म्हणजे उत्पन्नाच्या जितक्या टक्क्यांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे त्यानं, गुणायचं. येतं ते उंबरठा उत्पन्न. समजा ते हेक्टरी १० क्विंटल आलं आणि यंदा मंडळात सरासरी ६ क्विंटल सोयाबीन पिकलं. तूट ४ क्विंटलची, म्हणजे ४० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई २० हजार.

हा ६ चा आकडा येतो कुठून? पीक कापणी प्रयोगातून. कृषी सहायक किंवा तलाठी ठरलेल्या दिवशी शेतात जातो. शेत त्याच्या मर्जीनं निवडलेलं नसतं, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यानं निवडलेलं असतं. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून तक्त्यात येतील तेवढी पावलं लांबीला टाकायची, तेवढीच शिस्त रुंदीला पाळायची; जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी. टेपनं मोजून चार खुंट्या रोवायच्या, सुतळी ताणायची. सुतळीच्या आतलं सोयाबीन कापायचं, बाहेरचं एक झाडसुद्धा नाही. ताडपत्रीवर वाळवून, बडवून, उफणून दाणे तोलायचे आणि वजन मोबाइलवरच्या ॲपमध्ये फोटोसकट भरायचं. मुख्य पिकाचे असे किमान दहा प्रयोग एका मंडळात व्हावे लागतात. सुतळी चांगल्या पिकाकडे वीतभर सरकली, तर दहातल्या एका प्रयोगाचं वजन वाढतं आणि सगळ्या मंडळाची भरपाई घटते.

पीक कापणीची ही शास्त्रीय रीत देशात रुजवण्यात मोठा वाटा कुणाचा? त्याच सुखात्म्यांचा, अन्न व शेती संघटनेत जाण्यापूर्वीच्या काळातला. उष्मांकांवरून भांडलेले दोघे सातारकर लातूरच्या सोयाबीनमध्ये एकाच कामाला लागलेले आहेत: एकाची रीत मोजते, दुसऱ्याची रीत पैसे वाटते.

आता या पद्धतीची दुखरी बाजू. एकाच मंडळात एका गावावर ढगफुटी होते, सोयाबीन पाण्याखाली कुजतं आणि शेजारच्या गावात पीक उभं राहतं. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली की बुडालेल्या गावाला काहीच नाही. हे टाळण्यासाठी योजनेत स्थानिक आपत्तीची, काढणीनंतरच्या नुकसानीची वैयक्तिक तपासणी जोडलेली होती. बहात्तर तासांत तक्रार नोंदवायची धांदल लातूरच्या प्रत्येक घरानं अनुभवली आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकरी एका रुपयात विमा काढत होता. २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया गेला, खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्के हप्ता परत आला, आणि राज्यानं ते जोडलेले निकष काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवर आणून ठेवली. दांडेकरांचं मूळ गणित जसंच्या तसं परत आलं. नेमक्या त्याच हंगामात मराठवाड्यात ऑगस्ट-सप्टेंबरला अतिवृष्टी झाली. शेताचा तलाव झालेल्या माणसाला तुमच्या मंडळाची सरासरी काय येते ते पाहू, असं सांगणं किती कठीण असतं ते कृषी सहायकाला विचारावं.

सरासरीचं हेच गणित अनुशेषात दिसतं. १९८३ मध्ये राज्य सरकारनं प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली, अध्यक्ष दांडेकर. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झालेला, वर्षभराचा. मराठवाडा-विदर्भाला विकासात न्याय्य वाटा कबूल करणाऱ्या नागपूर कराराला तीस वर्षं होत आली होती आणि मराठवाडा, विदर्भ आपापल्या वाट्याचा हिशेब मागत होते. दांडेकरांनी पुन्हा तेच हत्यार काढलं. रस्ते, सिंचन, गावांची वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, पशुवैद्यकीय सेवा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्याखाली आहे त्याला तिथवर आणायला किती पैसे लागतील ते लिहायचं. त्या रकमेचं नाव अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण आकडा आला सुमारे ३,१८७ कोटी रुपये: विदर्भ १,२४७ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी, मराठवाडा ७५१ कोटी.

मराठवाड्याला हा आकडा बोचला. पुढारलेला म्हणतात त्या उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष आपल्यापेक्षा जास्त कसा? दांडेकरांनी विभाग धरला नव्हता, जिल्हा धरला होता. आणि कोकणात, खानदेशातही मागासलेले जिल्हे होतेच. हिशेब म्हणून हे चोख आहे. राजकारण म्हणून ते कुणालाच सोयीचं नव्हतं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद वैधानिक विकास मंडळासाठी लढत राहिले. त्यासाठीचा विधिमंडळाचा ठराव २६ जुलै १९८४ चा. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. निर्देशांक व अनुशेष समितीनं पुन्हा मोजणी केली तेव्हा, १९९४ च्या स्थितीला धरून, राज्याचा अनुशेष १४,००७ कोटी निघाला आणि मराठवाड्याचा ४,००५ कोटी. भाव बदलले होते, निकषही बदलले होते, तरी एकूण अनुशेषातला मराठवाड्याचा हिस्सा साडेतेवीस टक्क्यांवरून साडेअठ्ठावीसच्या पुढे गेला होता.

तरीही मी दांडेकरांच्या बाजूनं बोलेन. त्यांच्याआधी मागासलेपण हे गाऱ्हाणं होतं. त्यांनी त्याची रक्कम काढून दिली आणि तिच्यावरून सरकारला विधिमंडळात उत्तरासाठी अडवता आलं. त्यांच्याआधी पीकविमा तीन हजार माणसांपुरता होता. ३० जुलै १९९५ ला ते गेले, पण त्यांची रीत मागे राहिली. दोष सरासरीचा नाही, ती किती मोठ्या तुकड्याची काढली याचा आहे. सारखी माती आणि सारखा पाऊस असलेला भाग एक घटक, ही त्यांची मूळ अट होती. मांजरेच्या काठची काळी आणि बालाघाटाच्या माळावरची मुरमाड एका मंडळात येत असेल, तर ती अट तिथेच मोडलेली आहे. प्रादेशिक असमतोलावरच्या विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात जिल्ह्याखाली उतरून तालुका धरला तो याच दिशेनं. पीकविम्यातही मुख्य पिकासाठी ग्रामपंचायत हा घटक धरायला केंद्राच्या नियमांत जागा आहे. त्यासाठी प्रयोग जास्त लागतात, माणसं जास्त लागतात, पैसा लागतो. मराठवाड्यानं मागावं ते हे.

तोवर एक काम प्रत्येक गावाच्या हातात आहे. पीक कापणी प्रयोगाचं शेत आणि दिवस आधी कळतो, आणि तो प्रयोग गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावा अशीच अपेक्षा असते. येत्या हंगामात तुमच्या शिवारात सुतळी ताणली जाईल तेव्हा दहा माणसं तिथे उभी राहा, खुंट्या मोजा, काट्यावरचं वजन स्वतः वाचा आणि लिहून ठेवा.